मांडीवरचा प्रवासी

मे महिना लागला आणि शाळांना सुट्ट्या पडल्या की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातील गप्पांचा विषय बदलतो. कोणी गावाकडे निघालेले असते, कोणी मुलांना वेरूळ दाखवणार असते, कोणी चार दिवस मुंबईला बहिणीकडे. अशाच एका रविवारी आपल्यातील एक तरुण जोडपे दीड वर्षाच्या बाळाला घेऊन म्हैसमाळला जाण्याचा बेत सांगत होते. तेवढ्यात शेजारच्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा लेकराला कशाला उन्हातान्हात हिंडवता? त्याला काय आठवणार आहे?"

सगळे हसले. बाळाची आईही हसली आणि तिने बाळाच्या डोक्यावरची टोपी नीट केली. प्रश्न मायेनेच विचारलेला होता, त्यात टोमणा नव्हता. पण आम्ही दोघे घरी आलो तरी तो प्रश्न काही मनातून जाईना. त्याला कारणही तसेच होते. हाच प्रश्न आम्हालाही कोणीतरी विचारला होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला पुढे बारा वर्षांनी, आमच्याच मुलांकडून, काहीशा अनपेक्षित रीतीने मिळाले. ते आपल्या धर्मग्रामातील आईवडिलांपुढे आणि आजीआजोबांपुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा लेख.

सन २०१४ चा मे महिना. आमच्याकडे नुकतीच एक जुनी मारुती ८०० आली होती. गाडी जुनी असली तरी आमच्या घरातली ती पहिलीच, त्यामुळे उत्साह मोठा. थोरला मुलगा नऊ वर्षांचा आणि धाकटी अडीच वर्षांची. बेत ठरला अजिंठ्याचा. जगभरातून माणसे जी लेणी पाहायला येतात ती आपल्यापासून अवघ्या शंभर किलोमीटरवर, आणि आपल्या मुलांनी ती पाहिलेली नाहीत, याची आम्हाला लाज वाटत होती. पहाटे निघायचे ठरले आणि निघायला आठ वाजले. फुलंब्री गेले, सिल्लोड गेले. गाडीला एसी नव्हता. खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा येत होता. अजिंठा गाव ओलांडून घाट सुरू झाला आणि वळणांवर धाकटीला उलटी झाली. स्वतःच्या कपड्यांवर, सीटवर आणि दादाच्या नव्या शर्टावर. दादा ओरडला. आणि त्याच्यावर आमच्यापैकी जो गाडी चालवत होता तो त्याहून मोठ्याने ओरडला. नुसता ओरडला नाही, तर गाडी बाजूला घेऊन त्या नऊ वर्षांच्या मुलाला बोलू नये ते बोलला. तुला आणलेच कशाला, असेही बोलला.

मग फर्दापूरचा फाटा आला. खाजगी गाड्या तिथेच ठेवायच्या आणि पुढचे चार किलोमीटर बसने जायचे, हा तिथला नियम. नळावर कपडे धुतले, मुलांची तोंडे धुतली, बस पकडली. पायऱ्या चढलो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहिला, सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची ती विशाल मूर्ती पाहिली. रंग टिकावेत म्हणून आत उजेड मंद ठेवलेला असतो. धाकटी त्या अंधाराला घाबरून खांद्यावर तोंड लपवून होती. बाहेर आल्यावर माकडे दिसली तेव्हा कुठे तिने मान वर केली. फोटो काढले. संध्याकाळी घरी परतलो आणि सगळ्यांना सांगितले, सहल छान झाली.

मागच्या वर्षी उपवासकाळात एका संध्याकाळी जुने फोटो पाहताना तो फोटो निघाला. लेण्यांच्या पायरीवर आम्ही चौघे. धाकटी म्हणाली, "मी पण होते तिथे?" तिला काहीच आठवत नव्हते. पद्मपाणी नाही, अंधार नाही, माकडेसुद्धा नाहीत. मग थोरल्याला विचारले, तुला काय आठवते? त्यालाही चित्रे आठवत नव्हती. त्याला आठवत होता घाट आणि घाटात ऐकलेले शब्द. ते त्याने जसेच्या तसे सांगितले. आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसे.

आम्ही गप्प झालो. एकीला काहीच आठवत नाही, दुसऱ्याला आठवू नये ते आठवते. मग त्या बाई म्हणतात तेच खरे नाही काय? मुलांना न्यायचेच कशाला?

हा प्रश्न सहलीपुरता नाही, हे थोडा विचार केल्यावर लक्षात येते. जे ज्याच्यासाठी केले त्याच्या लक्षातच राहणार नाही, ते करण्यात अर्थ काय? चांगल्या गोष्टीचे मोल तिच्या आठवणीवर अवलंबून असते का? या प्रश्नाचे उत्तर आपण काय देतो यावर पुष्कळ काही ठरते. तान्ह्या बाळाशी आपण कसे वागतो, विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसाशी कसे वागतो, बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी बसतो की नाही, हे सगळे त्यात आले.

आधी वस्तुस्थिती पाहू. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली आठवण साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधीचे आयुष्य आपण जगलेलो असतो, पण ते आपल्यापाशी नसते. पूर्वी असे समजत की तान्ह्या मुलाच्या मेंदूला आठवण साठवताच येत नाही. सन २०२५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी चार ते पंचवीस महिन्यांच्या २६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळांना चित्रे दाखवताना त्यांच्या मेंदूतील आठवणींशी निगडित भागाचे निरीक्षण त्यांनी केले. साधारण एक वर्षाच्या पुढची बाळे पाहिलेले चित्र तिथे नोंदवत होती, असे त्यांना दिसले. म्हणजे आठवण तयार होते, पण पुढे ती आपल्याला सापडत नाही. ती पुसली जाते की कुठेतरी बंद होऊन पडते, याचा शोध चालू आहे.

संत ऑगस्टीनला हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी पडला होता. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो आपल्या तान्हेपणाबद्दल लिहितो. ते दिवस त्याला आठवत नाहीत. इतरांनी जे सांगितले त्यावर तो विश्वास ठेवतो आणि दुसरी बाळे पाहून आपणही असेच असू असा तर्क करतो. त्या वयाला आपल्या आयुष्यात धरायलाही त्याचे मन राजी नाही, कारण ते त्याच्या लेखी अंधारातले आहे. आणि तरीही, त्याच पानांत, आईच्या आणि दायांच्या दुधाबद्दल तो देवाचे आभार मानतो. न आठवणाऱ्या दुधाचे आभार! इतका मोठा विचारवंत, पण इथे त्याचे डोके एक म्हणते आणि हृदय दुसरे. आम्हाला वाटते, इथे हृदयाचे बरोबर आहे. दूध आठवत नाही, पण त्या दुधावर वाढलेला देहच तर ते पुस्तक लिहीत होता.

आपल्या शहरातील माणसाला हे समजणे अवघड जाऊ नये. सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून पाण्याची नहर आणली. पाणचक्कीलाही काही किलोमीटरवरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी येते. हौदापाशी उन्हाळ्यात पाय गारव्याला टेकवून बसणाऱ्याला ते नळ दिसत नाहीत. कोणी खोदले, कुठून वळवले, हे त्याला ठाऊक नसते. पण गारवा लागतोच. लहानपणी मिळालेली माया अशीच वर न दिसता खालून वाहत राहते. कोणी तरी आपल्याला उचलून घेते, आपण रडलो तर कोणी तरी येते, हा भरवसा मूल शब्द शिकण्याआधी शिकते. आणि ज्या प्रसंगांतून तो शिकला, ते प्रसंग मात्र ते विसरून जाते.

पण थांबा. हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे आहे का? यात आपण एवढेच म्हटले की आठवले नाही तरी उपयोग होतो. म्हणजे मोल पुन्हा उपयोगावरच आले. ज्याचा पुढे काहीच उपयोग होणार नाही, ज्याचा मागमूसही राहणार नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मुलांनी नाही, आजीने दिले.

आमच्या घरातील आजी ७८ वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांना विस्मरणाचा आजार चांगलाच बळावला होता. सकाळी जेवल्याचे दुपारी आठवत नसे. सन २०२३ च्या उन्हाळ्यात त्या एकच ध्यास घेऊन बसल्या, 'माहेरी जायचे'. माहेर वैजापूर तालुक्यात. तिथे आता भाऊ नाही, भावजय नाही, घराच्या जागी दुसऱ्याचे घर. नातलग म्हणाले, "कशाला दगदग? त्यांना तिथे कळणार नाही, आणि कळले तरी संध्याकाळी आठवणार नाही." तरीही आम्ही निघालो, आणि एसटीने निघालो, कारण त्यांच्या मनातला माहेरचा रस्ता एसटीचाच होता.

एसटी म्हटली की आमच्या पिढीचे बालपणच डोळ्यांपुढे येते. १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काही दशकांत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांना 'सुट्टी' या शब्दाचा अर्थ कळला तो त्या लाल गाडीमुळे. पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खिडकीच्या जागेसाठी रुमाल टाकणे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट, हा हिशेब प्रत्येक आईला पाठ. आम्हा दोघांपैकी एकाची अगदी पहिली स्पष्ट आठवण याच हिशेबाची आहे. वय सहा, पण कंडक्टर जवळ आले तसे आईने कानात सांगितले, "विचारलं तर चार सांग." कंडक्टरने विचारले. चार सांगितले. कंडक्टर हसला आणि पुढे गेला. त्या प्रवासात कुठले गाव आले, मामाने काय खाऊ दिला, सगळे पुसले गेले. राहिले ते एवढेच, की आई खोटे बोलायला सांगते, आणि त्या वेळी तिचा चेहरा किती ओशाळलेला होता. तिच्या पदरात त्या दिवशी किती पैसे होते हे कळायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. तिला दोष द्यायला जीभ वळत नाही. पण मुलाला काय आठवेल हे आईवडील ठरवू शकत नाहीत, हे मात्र त्यातून शिकलो.

तर आजींचा प्रवास. बसमध्ये तिकिटांची गंमतच झाली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत मोफत प्रवास झाला होता आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. त्यामुळे आमच्यापैकी एकाचे तिकीट पूर्ण, एकीचे अर्धे आणि आजींचे शून्य रुपयांचे. शेजारच्या बाकावर एक आई, तिच्या मांडीवर वर्षाचे मूल, त्यालाही तिकीट नाही. आजी आणि ते मूल एकमेकांकडे बघून हसत होती. दोघेही फुकटचे प्रवासी, आणि दोघांनाही संध्याकाळी या प्रवासातले काही आठवणार नव्हते.

गावात पोहोचल्यावर आजींना घराची जागा ओळखता आली नाही. पण विहिरीपाशी त्या थांबल्या. काठावर हात ठेवून त्यांनी एका मैत्रिणीचे नाव घेतले, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या, आणि दोघींनी मिळून घागर विहिरीत पाडल्याची गोष्ट सांगितली. सांगताना इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले. आम्ही ती गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. जुन्या लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. परतीच्या बसमध्ये त्या झोपल्या. रात्री घरी आल्यावर म्हणाल्या, "आज कुठं गेलो नव्हतो ना आपण?"

सगळे विसरले होते. पण त्या रात्री त्या शांत होत्या. एरवी संध्याकाळ झाली की त्यांची तगमग सुरू होई, ती त्या दिवशी झाली नाही. पुढे वाचनात आले की सन २०१४ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात याविषयी एक अभ्यास झाला होता. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात ते चित्रफीत विसरले, पण तिने जागवलेले दुःख किंवा आनंद त्यांच्या मनात रेंगाळत राहिला. प्रसंग जातो, भावना मागे राहते. म्हणून विस्मरण झालेल्या माणसाला भेटायला जाण्यात अर्थ आहे, आणि त्याला टाकून बोलण्यात अपराध आहे.

तरी आम्ही स्वतःला विचारले, समजा ती शांत रात्रही आली नसती. समजा बसमध्ये डोळा लागताच विहीर, मैत्रीण, हसू, सगळे पुसून गेले असते. तर तो प्रवास वाया गेला म्हणायचा का? आणि इथे आम्हा दोघांचेही उत्तर एकच आले, नाही. ती विहिरीपाशी हसली हे खरे आहे. त्या दिवशी, त्या वेळी, एक माणूस आनंदात होते. ते घडले, आणि घडलेले न घडलेले करता येत नाही, मग कोणाला आठवो अथवा न आठवो. आनंदाला पुढच्या साक्षीदाराची गरज नसते. तहानलेल्याला पाणी दिले, तर तो पुढच्या वर्षी ते आठवेल का, असे आपण विचारतो का?

मुलांच्या बाबतीत आपण हे विसरतो, कारण मूल म्हणजे उद्याचा माणूस अशी आपली समजूत असते. त्याच्यासाठी जे करायचे ते उद्यासाठी. पण अडीच वर्षांचे मूल हे आजच पूर्ण माणूस आहे. त्याची मांडीवरची झोप, खिडकीतून दिसलेला बैल, माकड पाहून टाळ्या वाजवणे, हे कशाची पूर्वतयारी नाही. ते त्याचे आयुष्यच आहे.

आता आमच्या त्या घाटाकडे परत येऊ, कारण याच विचाराची दुसरी बाजू तिथे आहे आणि ती बोचरी आहे. न आठवणाऱ्या चांगल्याला मोल असेल, तर न आठवणाऱ्या वाईटालाही वजन आहे. 'लहान आहे, त्याला काय आठवणार' हे वाक्य आपण दोन कामांसाठी वापरतो. एक, मुलासाठी काही करण्याचे टाळायचे असते तेव्हा. आणि दुसरे, मुलाला काही केल्यावर, म्हणजे चापट मारल्यावर, खोटे सांगून घरी ठेवून गेल्यावर, त्याच्यासमोर नवराबायको भांडल्यावर. 'लहान आहे, विसरेल.' विसरेलही. पण रडला त्या वेळी तो खराच रडला. त्याच्या विसरण्यावर आपण आपला अपराध खपवू नये. ज्याला आठवत नाही तो तक्रार करू शकत नाही, म्हणून तर त्याच्याशी अधिक जपून वागायला हवे.

आणि आपला अंदाज चुकतो, हे आणखी वेगळे. आम्हाला वाटत होते थोरला ते घाटातले विसरला असेल. खरे सांगायचे तर आम्हीच विसरलो होतो, किंवा विसरलो असे मनाला सांगत होतो. त्या उपवासकाळातील संध्याकाळी त्याने ते शब्द परत सांगितले, तेव्हा ज्याने ते उच्चारले होते त्याने मुलाची क्षमा मागितली. बापाने एकवीस वर्षांच्या मुलाची क्षमा मागणे आपल्या घरांत रूढ नाही. जीभ अडखळली. मुलगा थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, मला वाटायचं ते फक्त मलाच आठवतं."

या वाक्याने आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. बारा वर्षे ती आठवण त्याच्यापाशी एकटी होती, आणि हे एकटेपण शब्दांइतकेच जड होते. आता ती आमच्यात वाटली गेली. घडलेले पुसता येत नाही, पण ते एकट्याने वाहायचे की सगळ्यांनी मिळून, हे मात्र आपल्या हातात असते.

पवित्र शास्त्रातही मुलाला घेऊन केलेले दोन प्रवास आहेत. पहिला मिसर देशाचा. संत योसेफ रात्रीच उठला आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघाला. बाळ मांडीवरचे. या रात्री कोणी असे म्हटले नाही की त्याला काय कळणार. त्याला उचलून नेणे एवढेच त्या प्रवासाचे प्रयोजन होते. दुसरा प्रवास येरुशलेमचा, बाराव्या वर्षीचा. संत लूक सांगतो की परतताना आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले तरी मुलगा सोबत नाही हे त्यांच्या लक्षात आले नाही. तो जथ्यात असेल असे ते धरून चालले. तीन दिवसांनी सापडला, बोलाचाली झाली, आणि त्याचे म्हणणे त्यांना उमगले नाही. आपल्या घरांत घडावे तसेच सगळे! आणि शेवटी लूक लिहितो की हे सारे आईने आपल्या अंतःकरणात जपून ठेवले. आम्हाला यातून एवढे कळते, की लहान मुलाची आठवण बहुधा त्याच्यापाशी नसते, दुसऱ्या कोणाच्या तरी अंतःकरणात ठेव म्हणून असते. आपला स्नानसंस्कार आपल्यापैकी किती जणांना आठवतो? आपण कोणाच्या तरी हातांवर होतो, पाणी गार होते, आपण रडलो असू. आपल्याला ते इतरांनी सांगितले. म्हणून तो कमी खरा ठरत नाही.

ठेव मात्र परत करायची असते. न्यूझीलंडमध्ये सन २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की तिथल्या माओरी समाजातील माणसांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लवकरच्या, सरासरी तीन वर्षे पूर्ण होण्याच्याही आधीच्या असतात. त्यांच्याकडे पूर्वजांच्या, कुटुंबाच्या, जन्माच्या गोष्टी मुलांना वारंवार सांगण्याची रीत आहे, आणि संशोधक त्याचा संबंध या गोष्टींशी जोडतात. आपल्याकडेही ही रीत होतीच. अंगणात बाज टाकून आजी सांगायची, "तू एवढीशी होतीस, तेव्हा बसमध्ये..." आता गोष्टीच्या जागी मोबाईलमधील हजार फोटो आले. फोटो पाहिले जात नाहीत, आणि गोष्ट कोणी सांगत नाही. कधी कधी तर फोटोसाठीच प्रवास होतो. मूल रडत असते आणि आपण त्याला हसायला सांगत असतो, कारण फोटोत ते हसलेले हवे असते. म्हणजे उद्याच्या आठवणीसाठी आपण आजच्या मुलाला वेठीस धरतो.

घाईचेही तसेच. आता समृद्धी महामार्ग झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर बसला आग लागून २५ माणसे गेली, हेही आपण विसरलेलो नाही. मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन गाडी पळवणारे आजही दिसतात. मायेची मांडी घरात आणि एसटीच्या बाकावर ठीक, धावत्या मोटारीत ती मुलाला वाचवू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सुरक्षित बैठक आवश्यक केली आहे, नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. दंड राहू द्या. लवकर पोहोचण्याची घाई मुलाला कधीच नसते, ती आपली असते. दर तासा-दीड तासाने झाडाखाली थांबा. उलटी झाली तर होऊ द्या, गाडी धुता येते.

काही जण म्हणतील, हे गाडीवाल्यांचे बोलणे झाले. रोजंदारीवर जाणाऱ्याने कुठे न्यायचे मुलांना? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. अंतराचा इथे संबंध नाही. कर्ज काढून केलेली आणि वर्षभर हप्त्यांची कुरकुर ऐकवणारी सहल मुलांना देऊ नये. सिद्धार्थ उद्यान आहे, पाणचक्कीचा वड आहे, दौलताबादचा किल्ला आहे, गावाकडची विहीर आहे. एखाद्या रविवारी मिस्सानंतर मुलाचे बोट धरून त्याच्या चालीने, त्याला हवे तिथे थांबत घरी जाणे हाही प्रवासच आहे. आणि शक्य असेल त्यांनी आपल्या सहलीत आजीसाठी एक जागा ठेवावी, किंवा शेजारच्या ज्या मुलाला कोणी नेणारे नाही त्याच्यासाठी.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा अजिंठ्याला निघालो आहोत. या वेळी पहाटे, खरोखरच पहाटे. बेत धाकटीचा आहे. ती म्हणाली, "मला आठवत नाही, तर परत दाखवा." थोरला गाडी चालवणार आहे. घाटात कुठे थांबायचे ते त्याला ठाऊक आहे, आणि तिथे थांबून त्या दिवशीची सगळी गोष्ट, आमच्या चुकीसकट, धाकटीला सांगायची असे आम्ही ठरवले आहे. शेजारची पुतणी आणि तिचे दोन वर्षांचे बाळही सोबत येते आहे. त्याच्यासाठी पट्ट्याची बैठक मागून आणली आहे.

आवारात त्या बाईंनी आम्हाला पुन्हा विचारले, याला काय आठवणार, तर आमचे उत्तर तयार आहे. "काहीच नाही आठवणार, मावशी. म्हणून तर त्याच्याशी नीट वागायचं आहे."